हवेला शिवून

आबा,

रविवारी दुपारी मी एक यान खाली उतरवलं. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. पण ज्या रीतीनं उतरवलं ती रीत तुमची होती, म्हणून हे लिहायला बसलो आहे. कालव्यावरच्या त्या दिवसाचंही एक सांगायचं आहे. तेहेतीस वर्षं ते माझ्याकडं पडून आहे, आणि आधी तेच लिहायला घेतलं तर पुढचं काही लिहून व्हायचं नाही, तेव्हा यानापासून सुरुवात करतो. लिहितोय दुकानातल्या वहीच्या मागच्या पानांवर. पुढच्या पानांवर मोटारींचे वेढे आहेत: कुठल्या मोटारीला कुठल्या जाडीची तार, एका खाचेत किती वेढे. भवानीनगरपासून निमगाव केतकीपर्यंत कुणाचीही पाण्याची मोटार जळाली की माझ्याकडं नव्या तारेनं भरायला येते, आणि भरलेली मोटार परत येत नाही. ही वही मी कुणाला हात लावू देत नाही, त्यामुळं मागं काय लिहिलंय हे कुणी बघायचा प्रश्न नाही.

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटली आणि खेळ कसले खेळतो. माझी पोरगी, तुमची नात, जी तुम्ही पाहिली नाहीत, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिनं दिवाळीत हा खेळ मला घालून दिला. तिला वाटलं, पप्पा दोन दिवस खेळतील आणि सोडून देतील. पण मी त्याला खेळ म्हणून धरलाच नाही. ह्यात यान आपणच बांधायचं, टाकी किती, इंजिन कुठलं, वजन कुठं, हे आपणच ठरवायचं, आणि मग ते उडवून वरच्या एखाद्या चंद्रावर न्यायचं आणि माणसं जिवंत परत आणायची. नियम खरे आहेत. गुरुत्वाकर्षण खरं, हवेचा अडसर खरा, इंधन संपलं तर संपलं. मी आधी तीन आठवडे नुसता वाचत होतो, वहीत गणितं मांडत होतो. पोरगी म्हणाली, "पप्पा, लोक पहिल्या दिवशी रॉकेट फोडतात आणि हसतात. तुम्ही परीक्षेला बसल्यासारखं काय करताय?" मी म्हटलं, "फोडून शिकणारे निराळे, मी निराळा." तुम्हाला माझा हा ताठा माहीत आहे.

तर अडचण अशी आहे. खेळातली पृथ्वी खरीपेक्षा दहापट लहान आहे, तरी चंद्रावरून परत येताना यानाचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरच्या वर जातो. तासाला नव्हे, सेकंदाला. बारामती ते इंदापूर पन्नास किलोमीटर धरा. एस.टी.ला थांबत थांबत दीड तास लागतो, यानाला सोळा सेकंद. आणि टाकीत इंधन उरलेलं असतं तांब्याभर. इंजिन उलटं पेटवून वेग मोडायचा तर टाकी भरलेली पाहिजे, आणि भरलेली टाकी चंद्रापर्यंत न्यायची तर तिचंच वजन ओढायला आणखी एक टाकी पाहिजे. म्हणून जाणता माणूस ब्रेक संगती नेत नाही, तो ब्रेक हवेकडून घेतो. यान हवेत शिरलं की हवा त्याला अडवते आणि वेग कमी होतो, इंधनाचा थेंब न जाळता. फक्त तो मोडलेला वेग कुठंतरी जायला पाहिजे, आणि तो जातो उष्णतेत. फार खोल शिरलात तर यान भाजून निघतं. फार वरून गेलात तर हवा लागतच नाही, यान आलं तसं निघून जातं. ह्या खेळातल्या पृथ्वीची हवा बरोबर सत्तर किलोमीटरवर संपते. खऱ्या पृथ्वीची अशी रेघ मारल्यासारखी संपत नाही, विरत विरत जाते. हा खेळाचा दोष आहे आणि मी तो नातीला दाखवूनही दिला.

पहिलं यान मी जाळलं. वेळ कशाला घालवायचा म्हणून सरळ घुसवलं, अगदी खाली, पंचवीस किलोमीटरपर्यंत. आत तीन माणसं होती. खेळातलीच, पण त्यांना नावं असतात. खेळात मागं जायची सोय आहे. एक बटण दाबलं की यान जळायच्या आधीच्या घडीला येऊन उभं राहतं, जणू काही झालंच नाही. मी ते बटण वापरत नाही. गेलेलं यान गेलं. नातीला वाटतं हा माझा गर्व आहे, आणि मी तिला तसं वाटू देतो.

रविवारी ती घरी आली होती. दुकान बंद. दुकानावरच्या खोलीत मी दुसरं यान परत आणत होतो आणि ती शेजारी खाटेवर भाजलेल्या शेंगा फोडत बसली होती. यान पडद्यावर अजून बारकं होतं, पृथ्वीपासून अकरा हजार चारशे किलोमीटरवर, परतीच्या लांबट फेऱ्याच्या पार टोकाला. तिनं वाकून बघितलं.

"पप्पा, याला खालून ढाल कुठाय? उष्णतेची?"

"नाही लावली."

"विसरलात."

"विसरलो नाही. वजन वाचवलं."

"म्हणजे विसरलात," ती म्हणाली आणि शेंगेचं टरफल माझ्या वहीवर टाकलं. "आता हे तिघंपण भाजणार. मागच्यासारखं."

खरं सांगायचं तर ढाल मी खरंच मुद्दाम काढली होती, पण परत कसं यायचं हे तेव्हा नीट ठरवलं नव्हतं. मी पडद्याकडं बघत राहिलो. यानाचा फेरा म्हणजे लांबट अंड्यासारखी रेघ, एक टोक पार दूर आणि दुसरं पृथ्वीला घासून जाणारं. आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले, तुमच्या बोलीत, तुमच्याच सुरात, "सरळ न्हाय न्यायचं. शिवून फिरवायचं."

"काय? शिवून?" ती हसायला लागली. "टेलरिंग करताय का यानाचं?"

तिला शिवणं म्हणजे सुई-दोऱ्याचं शिवणं. हातानं शिवून येणं, नुसतं बोट लावून परत फिरणं, हा शब्द तिच्या बोलण्यात आता राहिलेला नाही. मी त्या घडीला खोलीत नव्हतोच.

मी निमगावच्या अलीकडच्या माळावर उभा आहे. एप्रिल सरत आलेला आहे. दीडशे मेंढरं दुपारभर कोरड्या माळावर चरून खाली मान घालून धापा टाकतायत, आणि दोन मैलांवर कालव्याला पाणी सुटलेलं आहे. कालव्याला पाळी असते, बारमाही पाणी नसतं. पण ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी वाऱ्यावरच मेंढरांना ते कळतं. कान ताठ होतात, पुढचा घंटेचा बोकड मान वर करतो, आणि सगळा कळप एका दमात उताराला लागतो. तहानलेला कळप पळायला लागला की त्याला कुणी थांबवू शकत नाही. पुढच्यानं थांबायचं म्हटलं तरी मागचा त्याला ढकलतो. कालव्याचा काठ तिथं उभा कापल्यासारखा, आणि ओला झाला की शेवाळानं निसरडा. उतरायची जागा एकच, पुलाच्या वरच्या अंगाला, चार मेंढरं शेजारी शेजारी मावतील एवढी. तिथं चालत पोचलेली मेंढरं पाणी पितात. पळत पोचलेली पाण्यात जातात.

म्हणून तुम्ही कळपाला कधी पाण्याकडं तोंड करून सोडलं नाही. माळावरून उतरताना त्याचं तोंड पाण्याच्या कडेकडेनं धरायचात. खाली कोरड्या ओढ्याच्या काठानं कुसळीचं गवत उभं असायचं, गुडघ्याएवढं, वाळलेलं. कळप त्याच्या कडेला जरासा शिरला की चारदोन मेंढरं चालता चालता तोंड खाली घालायची. तुम्ही मला म्हणालात, "तोंड खाली गेलं का पाय मंदावतो. बघ." आणि खरंच मंदावायचा. मग तुम्ही कळपाला त्या गवतातून बाहेर काढून परत चढाला लावायचात. मी वैतागायचो. पाणी समोर दिसतंय आणि आपण पाठ फिरवून चाललोय. पण वळून पुन्हा खाली यायचो तेव्हा कळपाचा जोर निम्म्यावर आलेला असायचा. पुन्हा गवताला शिवायचं, पुन्हा फिरायचं. "तीन येळा शिवून फिरायचं, चौथ्यांदा पाजायचं," हा तुमचा हिशेब. गवतात फार आत शिरू द्यायचं नाही, कारण पलीकडं कुणाचा तरी ऊस असतो आणि मेंढरं त्यात घुसली की भांडण. फार बाहेरूनही न्यायचं नाही, गवत तोंडाला लागलंच नाही तर पाय कशानं मंदावणार? आणि कळप वळवायचा तो लांबून. तुम्ही वरच्या टोकाला नुसती काठी आडवी धरायचात आणि दीडशे जनावरांचा बाक बदलायचा. "हितं काठी हलवली का तितं फरक पडतो. पान्याजवळ जाऊन बोंबललास तरी कोन ऐकत न्हाय."

मी बारावीत गणितात तालुक्यात वरच्या पोरांत होतो आणि इंग्रजीत नापास झालो होतो. एकोणीस वर्षांचा. तुमच्या ह्या फेऱ्यांना दोन तास लागायचे. मी मनात अंतर मोजलं होतं: सरळ गेलं तर पाऊण तास. त्या दिवशी तुम्ही निमगावच्या बाजाराला गेलात, मीठ आणि जखमेवर लावायचं औषध आणायला, आणि जाताना म्हणालात, "मी येईस्तवर माळावरच थांब. पाजायचं मी बघतो." मी थांबलो नाही. तुम्ही यायच्या आत कळप पाजून, सावलीला बसवून दाखवायचा होता. सरळ रेघ सगळ्यांत जवळची असते एवढंच मला येत होतं.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त कशानं झालं ते मी तुम्हाला खोटं सांगितलं. घंटेचा बोकड पहिला गेला. तो काठावर थांबला होता, आबा. पुढचे दोन्ही पाय रोवून थांबला होता, आणि मागच्यांनी त्याला आत ढकललं. त्याच्यामागं सात मेंढ्या. बाकीच्या मी काठी आडवी घालून, अंगानं रेटून मागं लोटल्या, माझी कोपरं सोलून निघाली, पण त्या आठांचं काही करता आलं नाही. खालच्या पुलाशी पाचच सापडल्या. घंटा पाण्यात अगदी थोडा वेळ वाजली.

तुम्ही निमगावकडून आलात, कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं, चालत, खांद्यावर पिशवी. मी तुम्हाला लांबून येताना बघत होतो आणि तेवढ्या वेळात माझी गोष्ट तयार झाली.

"ट्रक आला. हॉर्न वाजवला. बुजली सगळी."

"कुठनं आला?"

"सणसरकडनं. निमगावकडं गेला."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तो रस्ता एका गाडीएवढाच रुंद आहे. ट्रक आला की माणसाला खाली शेतात उतरून उभं राहावं लागतं. आणि तुम्ही त्याच रस्त्यानं, निमगावकडूनच, मैल-दीड मैल चालत आलेला होतात. हे माझ्या डोक्यात आलं ते शब्द तोंडातून गेल्यावर. आयुष्यभर मी बारीकसारीक गोष्टी काटेकोर धरतो, आणि जी एक दिशा चुकू नये तीच चुकलो. आता शिव्या बसणार, म्हणून मी खांदे आवळून उभा राहिलो. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. म्हणालात, "बरं." आणि उरलेली मेंढरं मोजायला गेलात.

संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरची माणसं आली. कुणीतरी विचारलं, "काय झालं रं, आबा?" मी तुमच्या मागं उभा होतो. तुम्ही म्हणालात, "ट्रकनं घात केला. लाल ट्रक. ड्रायव्हर माजलेला व्हता, थांबला बी न्हाय."

मी तुम्हाला रंग सांगितला नव्हता.

त्यानंतर तुम्ही ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितलीत. लग्नात, जत्रेत, भावकीत. दर वेळी ट्रक लाल. कुणी म्हणालं, पोरगं नवखं असंल, कळप सुटला असंल, तर तुम्ही त्याला तोडून टाकायचात, "पोराची काय चूक? लाल ट्रक मी सोता बघितला, माझ्या अंगावरनं गेला." आई एकदा तुम्हाला म्हणाली, "तुमी कुठं बघितला?" तुम्ही तिला म्हणालात, "तू गप." पुढच्या वर्षी कळप तुम्ही तुमच्या भावाला देऊन टाकलात आणि मला बारामतीला मोटारी भरायच्या दुकानात घातलंत. "तुझा जीव जनावरात न्हाय. आकड्यात हाय. तितं लाव." ह्यापलीकडं एक शब्द नाही.

त्या दुकानाचा मालक काम दाखवायचा पण कारण सांगायचा नाही. इतके वेढे का, विचारलं की म्हणायचा, इतकेच असतात म्हणून. मी कारणं स्वतः शोधली. हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय, की मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, पोरीला सांगतो, पाहुण्यांना सांगतो. शाळा नाही, कोर्स नाही, गुरू नाही. पण लिहिताना हात थांबतो. पहिलं पुस्तक तुम्ही आणलं होतंत. बाजारात रद्दीवाल्याकडं एका पुस्तकावर तारेच्या गुंडाळीचं चित्र दिसलं म्हणून उचलून आणलंत, "बघ, तुझ्या मोटारीचं दिसतंय." इंग्रजी पुस्तक, पुढची पानं गेलेली, आणि होतं छतावरच्या पंख्यांचं. मी हसलो होतो. पण त्याच पुस्तकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन, मी ते इंग्रजी शिकलो ज्यात नापास झालो होतो. हे मी कुणाला सांगत नाही. पंख्याचं पुस्तक म्हटलं की गोष्ट लहान होते.

दुकान टाकल्यावर तुम्ही रोज दुपारी यायचात आणि दाराशी स्टुलावर बसायचात. मी वेढे मोजायला लागलो की तुम्हीही ओठांनी मोजायचात, आणि एखाद्या वेळी माझ्या आधी थांबून म्हणायचात, "झालं." बरोबर असायचं. तुम्ही जायच्या आधीच्या वर्षी एक ट्रक दुकानासमोर येऊन थांबला, स्टार्टर उचलत नव्हता. लाल. नवा रंग मारलेला. ड्रायव्हर चहाला गेला. तुम्ही स्टुलावरून त्या ट्रककडं बराच वेळ बघितलंत आणि मग माझ्याकडं. तुमच्या मिशीत हसूसारखं काहीतरी होतं.

"त्यो असलाच व्हता न्हवं रं?"

मी हातातलं काम न थांबवता म्हणालो, "असलाच."

"आसंच वाटतंय," तुम्ही म्हणालात, आणि रस्त्याकडं तोंड फिरवलंत.

तुम्ही दार उघडून धरलं होतंत, आबा. एवढंच म्हणायचं होतं, की ट्रक नव्हता. तुम्ही हसला असता. बहुतेक म्हणाला असता, "मला काय ठाव न्हाय व्हय?" आणि आपण चहा सांगितला असता. मी सव्वीस वर्षांचा होतो, दुकानाबाहेर माझी पाटी होती, आणि पाटीखाली बसून ते बोलणं मला जमलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही नव्हतात.

रविवारी मग मी यान तुमच्या रीतीनं आणलं. उन्हावर वीज करणाऱ्या पट्ट्या मिटून घेतल्या, नाहीतर हवा त्या मोडून नेते. जवळचं टोक पन्नास किलोमीटरवर ठेवलं: हवा लागेल पण भाजणार नाही एवढ्या उंचीवर. पहिल्या फेरीला यान हवेला शिवलं, तळाला जरा लाली आली, आणि ते बाहेर निघालं. पोरगी म्हणाली, "गेलं की निसटून!" मी म्हटलं, "थांब." अकरा हजार चारशेवर जाणारं दूरचं टोक आता आठ हजाराच्या आत आलं होतं. पुन्हा खाली, पुन्हा शिवलं, पुन्हा बाहेर. पाच हजार दोनशे. तिसऱ्या फेरीत जवळचं टोक माझ्या अंदाजापेक्षा घसरून सत्तेचाळीसवर गेलं आणि एक अँटेना जळून गेली. तेवढी चूक माझी. मग दूरच्या टोकाला पोचल्यावर, उरलेल्या तांब्याभर इंधनातलं घोटभर जाळून, फुंकर मारल्याएवढा धक्का दिला आणि जवळचं टोक तीन किलोमीटर वर आलं. लांबून काठी आडवी धरली, म्हणा. पोरीचं शेंगा फोडणं बंद झालं होतं. ती खाटेवरून उठून माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"पप्पा, परत चढाला लावलंत?"

"पाय मंदावतोय. बघ."

"कुणाचा पाय?"

मी पुढची फेरी घेतली. चौथी, पाचवी, सहावी. दर फेरीला रेघेचं अंडं लहान होत गेलं, गोल होत गेलं, आणि सातव्यांदा यान हवेत शिरलं ते बाहेर आलंच नाही. चालत आल्यासारखं उतरलं. छत्री उघडली, समुद्रावर टेकलं, तिघंही जिवंत. ढालीशिवाय. पोरीनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "भारी! हे कुणी शिकवलं तुम्हाला? खरं सांगा. व्हिडिओ बघितलात?"

आणि मी म्हणालो, "कुणी नाही. माझं मीच."

इतकं सवयीनं निघालं की मला ते ऐकूही आलं नाही. ती खाली चहा टाकायला गेली आणि मी तिथंच बसून राहिलो. एका खोट्यानं तुम्ही मला वाचवलंत, आणि मी दुसऱ्या खोट्यानं तुम्हाला पुसून टाकलं, तेही तुमचेच शब्द तोंडात असताना. सोमवारी सकाळी ती पुण्याला निघायच्या आधी मी ठरवलं की सांगायचं. दोन्ही सांगायचं: रीत कुणाची आणि ट्रकचं काय. ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्यानं पोहे खात होती. मी म्हटलं, "काल तू विचारलंस ना कुणी शिकवलं. ते आबांचं होतं. माझ्या वडिलांचं. मेंढरं पाण्यावर न्यायची त्यांची एक पद्धत होती."

ती थांबली. "आबांनी? आणि काल म्हणालात कुणी नाही!"

"चुकलं माझं."

"ग्रेट आहे हां हे. मेंढरांवरून ऑर्बिट!" तिचे डोळे चमकले. मला बरं वाटलं. एक तरी झालं. मग मी म्हटलं, "आणि ते कालव्याचं..."

"हां, लाल ट्रक," ती घास गिळून म्हणाली. "माहितेय की. हॉर्न वाजवला, सगळी बुजली, आणि मागच्या फाळक्यावर मोर काढलेला होता, पिसारा फुलवलेला. लहानपणी तुम्ही शंभरदा सांगितलंय. मला अजून तो मोर दिसतो."

बसची वेळ झाली होती. मी तिची बॅग उचलली.

तुम्ही ट्रकला फक्त रंग दिला होता, आबा, तो मला झाकायला. मोर मी काढला. झोपताना पोरगी विचारायची, कसा होता ट्रक, आणि माझ्यासारख्या माणसाला गोष्ट अर्धवट सोडवत नाही, म्हणून मोर, म्हणून पिसारा, डोळे निळे, पायांजवळ दोन पिवळी फुलंसुद्धा. तुमचा लाल रंग मी सहज परत करू शकतो. त्या मोराचं काय करायचं ते मला कळत नाही.